त्यांचं काय चुकलं?

पाचवा गोल झाला आणि गोदाकाकूंनी हातातली भाजक्या शेंगांची पुडी वर उडवली. शेंगा माझ्या वेणीत अडकल्या, पुढच्या बायकांच्या पदरात पडल्या. कुणाला भान नव्हतं. मैदानाच्या दोन्ही अंगांना पुरुषांची गर्दी उभी राहून टोप्या, फेटे, हाताला येईल ते भिरकावत होती. हलगीवाला वाजवत वाजवत रेषेच्या आत घुसला होता आणि रेफ्री त्याला बाहेर ढकलत होता.

“पाच गं माले, पाच!” गोदाकाकू मला गदागदा हलवत म्हणाल्या. “त्यातलं तीन तुझ्या भावाचं! घरी गेल्या गेल्या दृष्ट काढ त्याची. पेठेतल्या बायकांची नजर लई वाईट. माझी तर सगळ्यात वाईट.”

मी हसले, टाळ्या वाजवल्या, ओरडलेसुद्धा. पण माझं लक्ष गोलपाशी उभ्या असलेल्या एका मुलाकडं होतं. पाहुण्या संघाचा डावा बॅक. कमरेवर हात ठेवून तो खाली मातीकडं बघत होता आणि त्यांचा गोली त्याला काहीबाही बोलत होता.

कोल्हापुरात त्या काळी मैदानावर बायकांना बसायला एकच जागा होती. उत्तरेकडच्या गोलच्या मागं, भिंतीला लागून. पुरुष दोन्ही बाजूंना बसायचे. त्यांना पळणारे दिसायचे, गोल मारणारे दिसायचे. आम्हाला दिसायच्या त्या गोल राखणाऱ्यांच्या पाठी. मी परकर नेसत होते तेव्हापासून तिथं बसत आले होते. त्यामुळं गोल मारला कुणी, याच्या आधी गोल होऊ दिला कुणी, हे मला दिसायचं. आता मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझा भाऊ उदाजी शेवटच्या. आमच्या कॉलेजच्या संघात उजव्या विंगला तोच खेळायचा.

त्या संध्याकाळी उदाजीला खांद्यावर घेऊन पोरांनी सगळी पेठ फिरवली. तो दारात उतरला तेव्हा गुलालानं इतका माखला होता की आईनं ओवाळायला ताट पुढं केलं आणि म्हणाली, “ह्यातला माझा कुठला?”

“दात दिसत्यात तो तुमचा,” कुणीतरी म्हणालं.

जिंकल्यावर कोपऱ्यावरचा हलवाई ताजी जिलबी काढायचा आणि खेळाडूंच्या घरी गरम पुडा जायचा. आईनं तो देवापुढं ठेवला, मग सगळ्यांना वाटला, आणि सवयीनं एक जिलबी बशीत घालून आबांच्या पुढं ठेवली. आबा, म्हणजे माझे वडील, खाटेवर मांडी घालून बसले होते. तरुणपणी ते तालमीच्या संघाचे गोली होते. अनवाणी खेळायचे. डावं मनगट तेव्हाच मोडलेलं, वाकडं बसलेलं.

आबांनी बशीकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“त्यांचं काय चुकलं?”

आमच्या घरचा हा रिवाज होता. आबांनी सामना स्वतः पाहिलेला असायचा, तरी विचारायचे. समोरच्यांच्या चुका निघाल्या की आबांच्या लेखी तो विजय आपला नाही. मग ते जिलबीला हात लावत नसत. ती बशीत गार व्हायची, पाक सुटायचा, आणि सकाळी आई ती गाईला घालायची. मला कळायला लागल्यापासून आबांनी जिंकल्याची जिलबी खाल्लेली मी पाहिली नव्हती.

“आबा, आज तरी नगा हो,” उदाजी म्हणाला. “पाच-शून्य हाय! त्यांचं चुकलं म्हणून पाच गोल होत्यात व्हय? आमी मारलं म्हणून झालं.”

तेवढ्यात पाटणकर सर आत आले. हे आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. त्यांच्याही टोपीवर गुलाल होता. “उदाजी, बातमी ऐक,” ते बसायच्या आधीच म्हणाले. “रविवारी फायनलला युनिव्हर्सिटीची निवड समिती येतेय. आजच्या तीन गोलांची खबर त्यांच्यापर्यंत पोचली आहे. रविवारी त्यांच्या डोळ्यांदेखत एकदोन मार, तुझी जागा पक्की. आपण खेळ बदलायचा नाही. सगळे बॉल उजवीकडं, तुझ्याकडं.”

युनिव्हर्सिटीचा संघ! उदाजीचं हे शेवटचं वर्ष होतं. दोन वर्षं त्याचं नाव थोडक्यात मागं राहिलं होतं. आईनं तिथल्या तिथं देवीला हात जोडले. उदाजीनं गुलालानं भरलेलं तोंड माझ्याकडं वळवलं आणि भुवया उडवल्या.

आबा म्हणाले, “सर, बसा. माले, तू सांग. तू मागनं बघितलंस. त्यांचं काय चुकलं?”

मी उदाजीकडं पाहिलं. वाटलं, आज गप्प बसावं. पण आबांनी विचारलं की त्यांना गुळमुळीत उत्तर चालत नसे.

“त्यांचा डावा बॅक उजव्या पायाचा होता,” मी म्हणाले. “त्याला नुसतं डाव्या जागी उभं केलेलं. दादा बाहेरनं आला की तो बॉल उजव्या पायावर घ्यायला पुरा वळायचा. तो वळेपर्यंत दादा निघून जायचा. आणि त्यांचा मधला बॅक मदतीला यायचा सोडून जागेवरनं त्याला शिव्या देत होता. पाची गोल तिथनंच झाले.”

बाहेर हलगी वाजत होती.

“म्हणजे मी काय केलं न्हाई?” उदाजी म्हणाला. “मी आपला मोकळ्या रस्त्यानं फिरायला गेल्तो?”

“तसं नाही दादा. पण फायनलला समोर मिरजेच्या बाजूचे आहेत, त्यांचा बॅक तसा नाही. मी त्याला गेल्या वर्षी बघितलंय. तो बॉलवर येतच नाही. मागं मागं सरकतो. रविवारी तू नुसता उजवीकडनं गेलास तर...”

“आता तू मला शिकवणार? बायकांत बसून शेंगा खात मॅच बघायची आणि...” त्यानं वाक्य अर्धं सोडलं. पाटणकर सर हसले, मला वाटतं वातावरण हलकं करायला. “मुलगी हुशार आहे हं. पण जिंकलेला संघ कुणी मोडत नाही.”

“आमी एकदा असंच सात मारलं होतं, सर,” आबा शांतपणे म्हणाले. “समोरचा गोली तापानं फणफणत उभा होता. आमाला वाटलं आमी वाघ झालो. पुढच्या मॅचला आठ खाल्लं, आणि वर हे.” त्यांनी वाकडं मनगट वर केलं. मग उदाजीला म्हणाले, “सकाळी रंकाळ्याला चल. बूट घेऊन.”

“कशाला?”

“फिरायला. मोकळ्या रस्त्यानं.”

सकाळी रंकाळ्याच्या काठच्या मोकळ्या जागेवर आम्ही तिघं. म्हशी धुवायला आलेले दोघंतिघं गवळी पाण्यात उभे होते. आबांनी आपल्या चपला काढून थोड्या अंतरानं ठेवल्या. हा गोल. धोतराचा काचा मारला. मला म्हणाले, “माले, तू तिकडं जा. पलीकडच्या बाजूला. बॉल लांब गेला तर आणून द्यायचा.”

मी डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. उदाजी बूट घालून आला होता, पण चेहरा पाडून.

“हां. मी त्यांचा बॅक,” आबा म्हणाले. “माझ्या अंगावरनं बॉल ने आणि चपलांच्या मधनं मार.”

“आबा, तुमी अनवाणी. लागंल तुमाला.”

“तुझा बूट, माझा पाय. ये.”

उदाजी आला. पहिल्यांदा हळूच, म्हाताऱ्याला सांभाळून घ्यावं तसा. आबा बॉलवर गेलेच नाहीत. गुडघे वाकवून, बॉलवर डोळा ठेवून मागं मागं सरकत राहिले. उदाजीनं आत जायची हूल दिली. आबा हलले नाहीत. बाहेर जायची दिली. नाही हलले. शेवटी उदाजी बाहेरनं सुटला, तर आबांनी त्याला खुशाल काठाकडं जाऊ दिलं आणि चपलांच्या आणि त्याच्या मधे उभे राहिले. उदाजीपुढं पाणी, बाजूला बाप. बॉल रंकाळ्यात.

“अरं, म्हसरं बुजवू नगासा!” पाण्यातला गवळी ओरडला आणि त्यानं बॉल फेकून दिला.

दुसऱ्यांदा उदाजी जोरात आला. आता त्यानं म्हातारं-बितारं काही मनात ठेवलं नव्हतं. पुन्हा तेच. आबा सरकत गेले, वाट बघत राहिले आणि बॉल त्याच्या पायापासून हातभर सुटल्याबरोबर टाचेनं बाहेर ढकलला. आता गवळी म्हशी सोडून काठावर येऊन बसले.

“म्हातारं लई बेरकी हाय!” एक म्हणाला. “पाव्हणं, तुमी त्याच्या नादाला लागू नगासा.”

उदाजीचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा तो आला तो सगळी ताकद लावून. बाहेरनं, आतनं, पुन्हा बाहेरनं. आबांना धाप लागली होती, पण ते काही झेपावले नाहीत. पुन्हा पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि अडकला. संतापून त्यानं बॉलला आडवी लाथ घातली, कुठं जाईल तिकडं जा म्हणून.

बॉल मातीला घासत, आबांच्या पाठीमागनं, थेट माझ्याकडं आला. मधे कुणी नव्हतं. आबा तिकडं, उदाजी तिकडं, आणि माझ्यापुढं दोन चपला मोकळ्या. मी काही विचार केला नाही. निऱ्या एका हातानं धरल्या आणि पायानं बॉल ढकलला. तो चपलांच्या मधनं गेला.

गवळ्यांनी असा गलका केला की म्हशी खरोखरच बुजल्या.

“गोल!” आबा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाले.

“ह्यो गोल न्हवं,” उदाजी म्हणाला. “मी तिला पास दिला न्हवता. मी चिडून मारला.”

“मग न चिडता मार.”

उदाजी माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. आमच्या संघात डाव्या विंगला मल्लिकार्जुन नावाचा मुलगा होता. गडहिंग्लजकडचा. काटकुळा, बोलायला लाजणारा. सगळे त्याला मल्लू म्हणायचे. सामनाभर तो डावीकडं पळत राहायचा आणि त्याच्याकडं बॉल येतच नसे.

“आणि निवड समितीला काय दिसंल?” उदाजी हळू आवाजात म्हणाला. “गोल मारणारा दिसंल, आबा. देणारा कुणाला दिसतोय?”

आबांनी चपला उचलून पायात घातल्या. “ते तुझं तू बघ,” म्हणाले, आणि घराकडं चालायला लागले.

पुढचे दोन दिवस उदाजी माझ्याशी बोलला नाही. आबांनीही विषय काढला नाही.

रविवारी मैदानाला मुंगी शिरायला जागा नव्हती. झाडांवर माणसं, भिंतीवर माणसं. बाजूला कनातीखाली खुर्च्या टाकून निवड समितीचे तिघं बसलेले, पांढरे शर्ट, काळे चष्मे. गोदाकाकू नवी शेंगांची पुडी घेऊन आल्या होत्या.

“आज उडवायची न्हाई बघ, आज खायची,” त्या म्हणाल्या, आणि शिट्टी वाजायच्या आत निम्मी जमिनीवर सांडली.

पहिल्या हाफमध्ये आमच्या कॉलेजची चाल दक्षिणेकडच्या गोलवर होती. लांबून दिसत होतं तेवढं पुरेसं होतं. बॉल आला की उदाजी उजवीकडनं सुटायचा आणि त्यांचा बॅक मागं मागं सरकायचा. उंच, शांत मुलगा होता. दर वेळी उदाजी कडेला अडकायचा, दर वेळी बॉल बाहेर. पलीकडं मल्लू हात वर करून उभा. उदाजी तिकडं बघायचासुद्धा नाही. पेठेतली पोरं आधी ओरडत होती, मग कुजबुजायला लागली. हाफ टाइमला शून्य-शून्य.

दुसऱ्या हाफमध्ये ते सगळे आमच्यासमोर आले. आता मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. काय देखणी बचावफळी होती! डावा बॅक सरकला की मधला बॅक आपोआप त्याच्या मागं. मधला हलला की उजवा बॅक आत. गोली एकेक पाऊल मोजून जागा बदलायचा. कुणी कुणाला ओरडत नव्हतं. जणू एकाच दोरीला चौघं बांधलेले.

वेळ संपत आला होता. उदाजीचा एक शॉट बारवरनं उडून थेट आमच्या बायकांत आला. किंचाळत सगळ्या बाजूला झाल्या आणि बॉल माझ्या पायांशी येऊन थांबला. त्यांच्या गोलीला घाई नव्हती, तो जागचा हलला नाही. उदाजीच गडबडीनं धावत आमच्यापर्यंत आला. घामानं निथळत होता.

“माले, टाक लवकर!”

मी वाकले, मग वाकता वाकता थांबले. सरळ उभी राहिले, निऱ्या एका हातानं धरल्या, आणि बॉल पायानं आडवा त्याच्याकडं ढकलला.

“अगं बया!” गोदाकाकूंनी तोंडावर हात घेतला. “चारचौघांत पोरगी पाय मारतीया!”

उदाजीनं बॉल अडवला. माझ्याकडं एकदा बघितलं. बॉल त्यांच्या गोलीला दिला आणि वळून पळाला.

त्यानंतर लगेच आमच्या मधल्या फळीतल्या हाफबॅकनं त्याला उजवीकडं बॉल दिला. उदाजी सुटला. बॅक मागं सरकायला लागला, नेहमीसारखाच, घाई न करता. मधला बॅक त्याच्या मागं आला. गोली जवळच्या खांबाला सरकला. उजवा बॅक आत आला आणि एका डोळ्यानं मल्लूवर नजर ठेवून राहिला. उदाजी कोपऱ्यापर्यंत गेला. आता तो अडकणार, हे सगळ्या मैदानाला दिसत होतं. कनातीखालचे तिघं पुढं झुकले होते.

उदाजी थांबला. आणि मान वर न करता, न चिडता, त्यानं बॉल आडवा मारला. मातीला घासत.

उजवा बॅक आधी निघाला होता. त्याला बॉल मिळायलाच पाहिजे होता. पण डावीकडनं मल्लू असा आला, असा आला, की त्याचे पाय दिसेनात. बॅकनं पाय टाकला, त्याच्या पुढनं मल्लूनं टाकला, दोघंही पडले, आणि मी डोळे उघडले तेव्हा जाळी माझ्या तोंडासमोर हलत होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. गोदाकाकू रडत होत्या. कुणाचा तरी फेटा आमच्या अंगावर येऊन पडला होता. मल्लू मातीतनं उठायच्या आधीच उदाजी त्याच्या अंगावर पडला होता आणि त्याच्या पाठीवर थापा मारत होता. मग शेवटची शिट्टी, गुलाल, हलगी, आणि गर्दीच्या खांद्यावर घाबरून बसलेला मल्लू. त्याला खांद्यावर बसायचं कसं ते माहीत नव्हतं. उदाजी खालून त्याचे पाय धरून चालत होता.

कप देऊन झाल्यावर काळ्या चष्म्यांतल्या एकानं कर्ण्यावरून नाव सांगितलं. आमच्या कॉलेजातून युनिव्हर्सिटीच्या संघासाठी एकच खेळाडू. मल्लिकार्जुन.

पेठेत त्या संध्याकाळी साखर वाटली गेली. आमच्या घरी जिलबीचा पुडा आला. आईनं तो देवापुढं ठेवला, वाटला, एक जिलबी बशीत घालून आबांच्या पुढं ठेवली. उदाजी अंघोळ करून आला आणि खाली जमिनीवर बसला. कानामागं गुलाल राहिला होता.

“माझं नाव न्हाई आलं, आबा,” तो म्हणाला.

“ते मी विचारलं न्हाई,” आबा म्हणाले. “त्यांचं काय चुकलं?”

आई कधी नव्हे ती चिडली. “अवो, आज तरी पोराला सोडा की!”

पण उदाजी हसला. माझ्याकडं वळून म्हणाला, “माले, तू मागं होतीस. तू सांग.”

मी डोळे मिटले. पाठी आठवल्या. डावा बॅक. तो बॉलवर गेला नाही, बरोबर केलं. मधला त्याच्या मागं आला, बरोबर. गोली जवळच्या खांबाला गेला, तिथंच जायला पाहिजे होतं. उजव्या बॅकनं मल्लूवर नजर ठेवली होती, तो आधी निघाला होता, पाय योग्य टाकला होता. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. पुन्हा एकदा. आई, उदाजी, आबा, तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.

“काही नाही, आबा,” मी म्हणाले. “त्यांचं काहीच चुकलं नाही.”

आबांनी मान हलवली. मग वाकड्या मनगटाच्या हातानं बशी जवळ ओढली, जिलबी उचलली आणि खाल्ली. सावकाश, एकेक वेढा मोडत. बोटं चाटली. आम्ही कुणी हललो नाही.

“आणखी हाय का गं?” त्यांनी आईला विचारलं.

आईनं पुडा उलटा करून दाखवला. त्यांच्यासाठी जास्तीची कधी ठेवलेलीच नसायची.

उदाजी उठला. त्याचं तोंड मला नीट दिसलं नाही, कारण तो तोवर उंबऱ्याबाहेर होता. अनवाणीच. मी दारात गेले. गल्ली गुलालानं लाल झाली होती, हलवायाच्या दुकानापर्यंत माणसंच माणसं होती, आणि त्या गर्दीतनं, उजव्या कडेनं, माझा भाऊ सुसाट पळत चालला होता. त्याच्या वाटेत कुणी आडवं आलं नाही.